दौलू सुताराचं खुळखुळतं दार

वाघ गावच्या पाणवठ्यावर यायचे आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत माणसं घागरी घेऊन लांब थांबायची, त्या काळातली ही हकिगत. फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या आंबेघोळ गावात दौलू नावाचा सुतार राहायचा. असं म्हणतात, की त्याने बसवलेल्या दारातून मुंगीला आत जायचं झालं, तर तिला आधी दौलूची परवानगी काढावी लागे.

तो फळीला फळी अशी भिडवायचा, की सांधा बोटालाही लागत नसे. पावसाळ्यात ही दारं चौकटीत रुतून बसत आणि उघडायला खांदा लावावा लागे. पण कुणी कुरकुरत नसे. उलट ज्याचं दार जास्त अडतं त्याचं दार जास्त चांगलं, असं समजून माणसं मिशीला पीळ देत. आता काय म्हणावं अशा गावाला!

दौलूची एकुलती एक लेक हौसा गावातच, खालच्या आळीला दिली होती. तिच्या घराला दौलूने आंब्याचं दार केलं, सगळ्यांत घट्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात घरची माणसं भाताच्या लावणीला गेली होती. हौसा आत भाकऱ्या थापत होती. पावसाची झड येऊ लागली म्हणून तिने दार लोटून घेतलं. ओल्या सरपणाचा धूर कोंडला, तशी ती उठली, दार ओढू लागली, तर ते हलेना. किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. शेवटी कुणीतरी छपराचं गवत उपसून तिला वर ओढून काढलं, तेव्हा तिची शुद्ध हरपली होती.

हौसा वाचली, पण त्या दिवसापासून ती दार लावू देईना. दार मिटलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. अशाच एका रात्री त्या उघड्या दारातून वाघाने वासरू उचलून नेलं. तिची सासू मैनाक्का काही वाईट बाई नव्हती, पण तिच्या घरात गुरं होती, माणसं होती. तिने हौसाला माहेरी आणून सोडलं आणि दौलूला म्हणाली, "पोर गुनाची हाय. पर जी दार लावत न्हाई तिला घरात ठिवू कशी? फुडच्या पावसात तिनं आपल्या हातानं कडी लावली, तर सुखानं नांदू दे. न्हाईतर तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

दौलूला अन्न गोड लागेना. लेकीचा संसार त्याच्याच हाताने मोडत होता. आणि हौसा? ती लहानपणापासून प्रश्न विचारणारी. एके दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या तिने विचारलं, "आबा, झाड तोडलं की मेलं न्हवं? मग मेलेलं लाकूड पानी कसं पितंय?"

उभा जन्म लाकडात गेला आणि हे कधी मनातच आलं नाही, याची दौलूला शरम वाटली. मग मात्र त्याला त्या प्रश्नाने झपाटलं. असं म्हणतात, तो रानात जाऊन खोडांना कान लावून बसायचा. फणस त्याच्याशी बोलला, असं वरची आळी सांगते. खालची आळी म्हणते, फणस कसला, साग बोलला. यावरून दोन्ही आळ्यांत अजून जुंपते.

झाडं बोलली असोत वा नसोत, दौलूने आंबा, फणस, ऐन, शिवण, साग अशा सगळ्यांचे तुकडे चुलीवरच्या माळ्यावर खडखडीत वाळवले. एका दगडात चौकोनी खाच खोदली आणि प्रत्येक तुकडा तिच्यात अलगद बसेल एवढा तासला. मग सगळे तुकडे पावसात मांडले. दौलू लाकडांना न्हाऊ घालतोय, म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाद्रपदात त्याने एकेक तुकडा खाचेत बसवून पाहिला. आंबा तर शिरेचना, ऐन अडला, साग थोडक्यासाठी राहिला. न फुगलेला एकही निघाला नाही. दौलू खट्टू झाला. तेवढ्यात हौसाने वाकून पाहिलं आणि ती हरखली. लांबीच्या बाजूला खाचेत अजून जागा होती! चाळिशी उलटलेल्या माणसांसारखी सगळी लाकडं फक्त रुंदीला वाढली होती.

तेव्हा दौलूला उमगलं, की लाकडाचं पिणं काही सुटायचं नाही. त्याला फुगायला जागा द्यायची, एवढंच आपल्या हातात.

उन्हाळ्यात त्याने लेकीसाठी नवं दार केलं. चारी बाजूंना सागाचे दांडे, त्यांना आतून खोल खाच, आणि त्या खाचेत फणसाच्या फळ्या नुसत्या सरकवलेल्या. फळ्यांना ना खिळा, ना सरस. चौकटीपाशीही त्याने फट राखली. वारा सुटला की दार खुळखुळायचं. दौलूचा हात गेला, दार करायचं सोडून खुळखुळा केला, असं गाव बोललं. ते त्याला फार लागलं, पण त्याने फट बुजवली नाही.

पाऊस लागला आणि हौसा सासरी गेली. पहिल्या संध्याकाळी तिने दार लोटलं, उघडलं, पुन्हा लोटलं. मग हौसाने कडी लावली आणि रात्रभर दाराला पाठ टेकून बसली. पण कडी काढली नाही.

त्या आषाढात आभाळच फाटलं. असं म्हणतात, की मासे उंबऱ्यापर्यंत चढून आले. एका पहाटे ओढा गावात शिरला आणि आंबेघोळची सगळी नामांकित दारं चौकटीत घट्ट रुतली. आतून माणसं हाका मारू लागली. हौसाने कडी काढली आणि एका बोटाने दार ओढलं. ते उघडलं. सासूला आणि घरच्या माणसांना उंचावर पोचवून तिने कुऱ्हाड उचलली आणि घरोघर बापाने केलेली दारं फोडत निघाली. शेवटी ती माहेरच्या दाराशी आली. तेही रुतलं होतं. तिथे मात्र तिचा हात अडला.

आतून दौलू म्हणाला, "सांध्यावर घाल, पोरी. तिथं लवकर फुटंल."

गाव वाचलं. पुढे दौलूने आंबेघोळची सगळी दारं नव्याने केली, खुळखुळणारी.

आजही तिथे नवं दार उन्हाळ्यात बसवतात, पण सुताराचा मानाचा नारळ तेव्हा देत नाहीत. भर आषाढात घरची लेक आत जाऊन कडी लावते आणि मग एका बोटाने दार ओढते. याला दौलूचा नारळ म्हणतात. लेक बाहेर येईपर्यंत सुतार अंगणात पावसात उभा असतो. डोक्यावर इरलं घ्यायला त्याला कुणाची मनाई नाही. पण आजवर एकाही सुताराने ते घेतलेलं नाही.