मुकी गुडगुडी

एका राज्यात असा एक राजा होता, की त्याला गुडघ्यांखाली पाय नव्हते; पायांच्या जागी धूर होता. निळसर, संथ धूर. राजा सिंहासनावर बसे तेव्हा तो पायरीवर लोळे, आणि दासी मोरपिसांच्या कुंच्याने त्याला हळूच मागे सारीत. राजाचे नाव वज्रसेन. नाव वज्राचे आणि देह धुराचा. शापाला थट्टेची भारी हौस असते.

हा शाप त्याला अरण्याचा स्वामी, मायावी भृंगनाथ, याने दिला होता. राज्याची आणि अरण्याची सीमा ठरली, तेव्हा दोघे तहाची गुडगुडी ओढायला बसले. रीत पूर्वापार होती. तंबाखू पाहुण्याची, निखारा यजमानाचा. यजमानाने पहिला झुरका घ्यायचा, मग नळी वळवून पाहुण्याच्या हाती द्यायची. गुडगुडी फिरली की तह पक्का. पण त्या दिवशी काय बिनसले कोण जाणे, भृंगनाथ तोंड पुसत उठला आणि म्हणाला, “राजा, ही गुडगुडी आजपासून मुकी झाली. तिचा धूर तुझ्या देहात शिरेल. ती पुन्हा बोलेल आणि आपण रीतीने तिच्यापाशी बसू, तेव्हाच शाप उतरेल.”

“पाहुणा कपटी निघाला,” एवढेच राजाने दरबारात सांगितले. दरबाराने मान डोलावली. राजापुढे दुसरे काय डोलावणार?

धूर आधी अंगठ्यांना लागला, मग घोट्यांना. तो काळजाला पोचला की राजा वाऱ्यावर विरून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. प्रधानाने सोन्याची नवी गुडगुडी घडवून आणली. शापाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग त्याने जुनीच चिंचेने आणि राखेने घासून घेतली. बाहेरून ती लखलखली, आतून मुकी ती मुकीच राहिली. प्रधानाने हात टेकले.

राजाला एक मुलगी होती, इंदुलेखा. आईवेगळी, बापाच्या मांडीवर वाढलेली. एका सकाळी ती नेहमीसारखी त्याच्या मांडीवर डोके टेकायला गेली, आणि डोके थेट आसनाला लागले. मांडी उरलीच नव्हती. ती रडली नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. ती पोटभर रडली, मग डोळे पुसून तिने फडताळातली गुडगुडी खाली काढली आणि सुटी केली: तळाला पाण्याची, रुप्याने मढवलेली नारळाची करवंटी, तिच्यावर शिसवी नळी, आणि माथ्यावर मातीची चिलीम.

दिवाणखान्यात एक म्हातारी साळुंकी होती. गुडगुडीच्या शेजारी, तिची नक्कल करण्यात तिचा जन्म गेला होता. इंदुलेखेने तिला विचारले, “साळुंके, हिला काय झाले आहे?”

“करवंटीला चीर आहे. नळीत बोळा आहे. चिलमीत काजळी आहे,” साळुंकी म्हणाली. “चीर बुजव, बोळा काढ, काजळी खरवड. मात्र सगळी खरवडू नको. शेवटचा पातळ थर राहू दे. उघडी माती निखाऱ्याने तडकते.”

“प्रधानजींना का नाही सांगितलेस?”

“त्यांनी विचारले कुठे? आले, घासले, गेले.”

राजकन्या सीमेवरच्या पळसाकडे गेली आणि तिने चीर बुजवायला लाख मागितली. पळस म्हणाला, “मला सावली दे. मी सगळ्यांना देतो, मला कोणी देत नाही.” इंदुलेखेने अंगावरची शाल दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. भर उन्हात, ऊन कलेपर्यंत. झाडभर सावली काही पडली नाही, एका फांदीपुरती पडली. पळसाला तेवढ्यानेच भरून आले, आणि त्याच फांदीवरची लाख त्याने तिच्या ओंजळीत टाकली. चीर बुजली.

मग ती वेळूच्या बनात गेली. तिथे वाऱ्याचे शेंडेफळ राहत होते, एक एवढीशी झुळूक. ती फुरंगटून बसली होती. “थोरले भाऊ गलबते बुडवतात,” ती म्हणाली. “मला कोणी काम सांगत नाही.”

“मला तुझ्याच मापाचे काम आहे,” इंदुलेखा म्हणाली आणि तिने नळी पुढे केली. झुळूक आत शिरली, कुरकुरली, अडली, आणि ‘फट्’ करून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली. तिच्यासोबत राखेचा एक बोळा पडला. राख भिजून, मग वाळून दगड झाली होती. इंदुलेखा विचारात पडली. पाणी तळाशी, राख माथ्यावर. मग राख भिजली कशी?

उरली चिलीम. तिने बोथट सुरीने काजळी खरवडायला घेतली. काजळीत त्या गुडगुडीपाशी बसलेल्यांचे श्वास थरांवर थर साठले होते, आणि थर निघाला की त्याचा श्वास बोले. सगळ्यात वरच्या थरातून तिच्या बापाचा आवाज आला, अगदी दबका: “यात विष असेल तर?” आणि पाठोपाठ आला एक ‘फुर्र’ असा आवाज.

भिजल्या राखेचे कोडे तिला उलगडले. राजाने झुरका घेतलाच नव्हता. ओढण्याचे सोंग करून त्याने नळीत फुंकर मारली होती. करवंटीतले पाणी उसळून चिलमीत चढले, निखारा विझला, आणि विश्वासाने पुढे झालेल्या पाहुण्याच्या तोंडात राखेचा चिखल गेला.

तिने जड मनाने पुढचे थर काढले. आजोबा बोलले, पणजोबा हसले. शेवटचा पातळ थर उरला, तेव्हा त्यातून कुणा पहिल्या राजाचा स्वर आला: “आधी मी, मग तुम्ही.” इंदुलेखेने सुरी खाली ठेवली.

ती गुडगुडी जोडून बापापुढे उभी राहिली. धूर त्याच्या कमरेला पोचला होता. “आबा, तुम्ही ओढलीत की फुंकलीत?”

राजाने गुडगुडीवरून बोट फिरवले. मग म्हणाला, “फुंकली. तंबाखू त्याची होती. मला भय वाटले, बाळ. राजाला भय वाटले हे सांगू कोणाला?”

“मला सांगायचे होते,” ती म्हणाली.

साळुंकी अरण्यात निरोप घेऊन गेली आणि भृंगनाथाला घेऊन आली. भृंगनाथ समोर बसला. त्याने कमरेची चंची सोडून तंबाखू काढली. “याही खेपेला तंबाखू माझीच आहे, राजा. तिच्यात काय आहे ते सांगणार नाही.”

इंदुलेखेने चिलीम भरली, वर निखारा ठेवला आणि नळी स्वतःच्या ओठांकडे नेली. “मी ओढते, आबा.”

“नाही,” वज्रसेन म्हणाला. धूर आता त्याच्या बरगड्यांशी आला होता. त्याने तिच्या हातून नळी घेतली, पाहुण्याकडे पाहिले आणि म्हटले, “आधी मी, मग तुम्ही.”

त्याने झुरका घेतला. गुडगुडी गप्प. दुसरा घेतला. गुडगुडी गप्प. डोळे मिटून, उरला होता तेवढा सगळा श्वास लावून त्याने तिसरा घेतला, आणि करवंटीतले पाणी बोलले: गुड, गुड, गुड. राजाच्या नाकातोंडातून निळा धूर निघू लागला. तो निघतच राहिला, छताशी साठला आणि झरोक्यातून निघून गेला. आसनाखाली दोन पाय लोंबत होते. पांढरेफटक, नखे वाढलेले पाय.

राजाने नळी वळवून पाहुण्याच्या हाती दिली. भृंगनाथाने लांब झुरका घेतला. “साधी तंबाखू आहे,” तो म्हणाला. “तेव्हाही साधीच होती.”

राजाने मान खाली घातली. तह झाला, सीमा पक्की झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच साळुंकी गुडगुडीची नक्कल न करता नुसती ऐकत बसली.

इंदुलेखेने बापाच्या मांडीवर डोके टेकले. मांडी हाडकुळी होती, गुडघा कानशिलाला रुतत होता. तिने डोके तसूभरही हलवले नाही. त्या राजाचा धूर जसा सरला, तसा तुमचा-आमचाही सरो.