अर्ध्या दाण्याचा ताळा

"ओरडून घसा बसला, पण एका मेलीनं माझं खरं मानलं नाही!" झिपरी खार भेटेल त्याला सांगत सुटायची. माणसाला बोटंही मोजता येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

सगळ्या खारी सुगीत एका ढोलीत शेंगदाणे ठेवायच्या आणि पावसाळ्यात ठेवल्याच्या प्रमाणात वाटून न्यायच्या. कुणाला किती द्यायचे, हा हिशोब झिपरीकडे. ती सावकाश मोजायची, पण वाट्याला अर्धा दाणा आला तर दातानं फोडून अर्धाच द्यायची.

मग भिंगरी नावाची खार आली. शेपटी हलायच्या आत आकडा सांगायची आणि अर्ध्याला सरळ एक धरायची. खारी खूष; हिशोब तिच्याकडे गेला. झिपरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, अर्ध्याचा एक करते ती! ढोली पुरायची नाही!"

"झिपरे, पोट दुखतंय तुझं," खारी हसल्या.

खारींतला म्हातारा गोंदाआबा हसला नाही. "पोरींनो, दोघी शेजारी बसा, साऱ्यांचे वाटे काढा. बेरीज ढोलीशी जुळते का, ताळा पाहू."

"त्या सटवीशेजारी मी बसू?" शेपूट आपटून झिपरी निघून गेली. हिशोब भिंगरीकडेच राहिला.

पावसाळ्यात वाटप झालं. सगळ्यात शेवटी दोन पिलांची आई चिमी आली, तर ढोलीत नुसती फोलपटं.

"मी सांगितलं होतं!" झिपरी ओरडली.

"सांगितलंस. मग ताळ्याला का नाही बसलीस?" चिमीनं विचारलं.

बाकीच्यांनी भिंगरीला शिव्या घातल्या, ताळा न घेताच वाटप होऊ दिलं म्हणून आबालाही घातल्या. उपाशी पिलं पोटाशी धरून चिमी निघाली, तेव्हा तिच्या शिव्यांत मात्र एकच नाव होतं: झिपरी.