भिकाजीच्या ट्रकचा ऑइल कूलर

“त्या गाडीला ऑइल कूलर लागतच नव्हता. बरोबर ना, उस्ताद?”

दस्तगीर मिस्त्री डिझेलमध्ये नट धूत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर्जेराव अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, हाताखाली सहा माणसं होती. मलकापूरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तो चार वर्षांनी आला होता. येताना कंपनीचं पुस्तक घेऊन आला होता.

“हे बघा. या इंजिनाला तेल थंड ठेवायला जादा कूलर सांगितलेलाच नाही. भिकाजीला मी तेच सांगितलं.”

“कवा?”

“चैत्रात.”

मे महिन्यात भिकाजीचा ट्रक आंबा घाटात ऐन वळणावर बसला. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं आणि इंजिन जाम झालं. हँडब्रेक ओझं धरेना, गाडी मागे सरकायला लागली, तसा भिकाजी चाकाला दगड लावायला खाली उतरला. एकटाच होता. चाक पायावर आलं. त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

मिस्त्रींना हे ठाऊक होतं. घाटाच्या सगळ्या रस्त्यालाच ठाऊक होतं.

त्यांनी हात पुसले. पुस्तक घेतलं. सावकाश चार पानं उलटली.

“यात आंबा घाट कुठं हाय?”

सर्जेराव वाकून पानावर बघू लागला.

“मागं काय जोडलं हुतं त्यानं?”

“…विचारलं नाही.”

“का?”

“फोन चालू होता, उस्ताद. तो बॉनेट उघडून उभा होता. मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, नको, कशाला खर्च करतोस… आणि परत फोनवर…”



मिस्त्रींनी पुस्तक मिटून त्याला परत दिलं.

“जा. इचारून ये.”

“आता? आता काय उपयोग?”

मिस्त्रींनी पुन्हा नट हातात घेतला.

भिकाजी घराच्या सोप्यात बसला होता. सर्जेरावला बघून “या मालक!” म्हणत तो उठायला गेला, आणि पुन्हा बसला.

सर्जेरावनं वाटेत बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून त्यानं आधी विचारलं.

“भिकाजी… त्या दिवशी मागं काय जोडलं होतंस?”

भिकाजीचा चेहरा एकदम उजळला. तीन महिन्यांत जो तो त्याला पायाचं विचारून गेला होता. गाडीचं कुणी विचारलं नव्हतं.

“डांबराचा बॉयलर! आन् वर हौदाभर खडी. साखरप्यापास्नं नुसता पहिला-दुसरा गेर. डोक्यावर ऊन, आन् चढ काय संपता संपंना…”

बॉयलर म्हटल्याबरोबर सर्जेरावला कळलं होतं. कूलर लागत होता. एवढं ओढायचं तर लागणारच होता. एका प्रश्नाचं काम होतं.

भिकाजी सांगत राहिला. कुठल्या वळणावर आवाज बदलला, तेलाचा वास कधी आला. सर्जेरावनं सगळं ऐकलं. मग त्यानं हात जोडले.

“चैत्रात तू मला विचारलं होतंस. मी नको म्हणालो. माझं चुकलं, भिकाजी.”

भिकाजी आठवू लागला.

“तुमाला इचारलं हुतं? …असंल बी. लई जणांना इचारलं म्या. ध्यानात न्हाई बगा.” मग आत तोंड करून तो ओरडला, “अगं, मालकांना च्या ठेव!”

सर्जेराव परत आला तेव्हा मिस्त्री शेडचा पत्रा ओढून घेत होते.

“लागत होता, उस्ताद.”

“हं.”

“माफी मागितली. वाटलं होतं शिव्या देईल, हाकलून देईल. पण त्याला आठवतच नाही. मी काय म्हणालो ते नाही, मला विचारलं होतं तेसुद्धा नाही…”

मिस्त्रींनी कडी लावली.

“मंग आता ते तुला एकट्यालाच ध्यानात ठेवावं लागंल.”