नऊ अर्ज आणि एकच महापूर

कितीतरी पिढ्यांमागे एका रुंद नदीच्या काठी एक छोटं राज्य होतं. तिथल्या राणीने एकदा दवंडी पिटवली, "राजघाटावर मुख्य नावाडी नेमायचा आहे. ज्याला ही चाकरी हवी, त्याने आपल्या कामाविषयी अर्ज लिहून दरबारात यावं."

पलीकडच्या गावात लखोबा नावाचा नावाडी राहत होता. बारा वर्षं तो लोकांना नदीपार नेत होता. पण अर्ज लिहायला बसला आणि त्याचा हात अडला.

"रोज जायचं, रोज यायचं. यात राणीसाहेबांना सांगण्यासारखं काय आहे?" तो बायकोला म्हणाला.

"जे करता तेच लिहा की," ती म्हणाली.

लखोबाला ते पटलं नाही. टोपलीभर मासे घेऊन तो बाजारातल्या लेखनिकाकडे गेला. लेखनिकाने झोकात लिहिलं, 'महापुरात मगरींशी झुंजत मी एकट्याने अकरा जीव वाचवले.'

"अहो, पण मी असं काही केलेलं नाही," लखोबा चाचरला.

"दरबारात असंच लागतं. खाली सही कर."

लखोबाने सही केली.

ठरल्या दिवशी दरबार भरला. प्रधानाने पहिला अर्ज उघडला. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. "महापुरात मगरींशी झुंजत..." प्रधान वाचू लागला, आणि लखोबाने कान टवकारले. ही तर त्याच्याच अर्जातली ओळ!

दुसऱ्या अर्जातही तेच निघालं. तिसऱ्यातही तेच. पाचव्या अर्जाला प्रधानाचा आवाज अडखळला. नवव्यातही तेच होतं. नऊही नावाडी त्याच लेखनिकाकडे जाऊन आले होते.

"महापूर एक, जीव अकरा," राणी सावकाश म्हणाली, "आणि एकट्याने वाचवणारे नऊ?"

राणीने समोर उभ्या असलेल्या लखोबाला विचारलं, "तू खरोखर काय करतोस?"

लखोबा म्हणाला, "सकाळी पाण्याचा रंग बघतो. पाणी गढूळ लाल दिसलं की वर पूर आलाय हे कळतं, मग नाव सोडत नाही. एकदा पाटलांनी शिव्या घातल्या, तरी सोडली नाही. बारा वर्षांत माझ्या नावेतून कुणी पाण्यात पडलं नाही, सरकार."

राणी थक्क झाली. "हे का नाही लिहिलंस? एवढं लिहिलं असतंस तर ही चाकरी तुझीच होती!"

"मग आता..." लखोबाने आशेने मान वर केली.

"आता नाही. उद्या तू म्हणशील, पाणी ठीक आहे. मी कशाच्या भरवशावर नावेत पाय ठेवू? खोट्याखाली सही तुझीच आहे."

मग प्रधानाने दहावा अर्ज वाचला. तो धाकट्या घाटावरच्या गिरजाचा होता. अक्षर वाकडंतिकडं होतं. 'सहा वर्षं नाव चालवते. एकदा खडकावर आपटली, चूक माझी होती. तेव्हापासून पाणी उतरलं की आधी बांबूने तळ बघते.'

राजघाट गिरजाला मिळाला. लखोबा सुन्न होऊन घरी परतला. बायकोने काय झालं ते विचारलं, तेव्हा त्याला तिच्याकडे बघवलंही नाही.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनोही, काम मागताना उसना पराक्रम सांगू नये. आपलं खरं काम साध्या शब्दांत सांगावं, विश्वास त्यावरच बसतो.