भाकरीनं उघडलेलं दार

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या दवाखान्याच्या दाराची. ए ठमे, पाय पांघरुणात घे, नाहीतर सांगायचीच नाही मी!

हे दार बोलायचं, बरं का! आलेल्याला विचारायचं, "घर कुठलं?" खरं घर सांगितलं की उघडायचं. आत वैद्यबुवा, फुकट औषध, ऊनऊन पेज. पण कुणी खोटं सांगितलं, की असं करकरायचं, अख्खी पेठ गोळा व्हायची.

त्या राज्यात लांबच्या माळावरून माणसं ऊस तोडायला यायची. त्यांतलीच एक भिवरा. उसाच्या फडाजवळ पाचटाची खोपी बांधायची, तोड संपली की खोपी मोडून पुढच्या गावाला. एकदा काय झालं, तिच्या चिंगीला ताप भरला. अंग नुसतं तव्यासारखं! पोरगी पाणीसुद्धा पिईना. 

मग भिवरानं लेकीला खांद्यावर टाकलं आणि दाराशी गेली.

"घर कुठलं?"

"फडातली खोपी, बाबा."

"खोपी आज आहे, उद्या नाही. ते कसलं घर?" मेलं दार, जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिकवलं, पेठेतलं घर सांग. बिचारीनं सांगितलं. मग काय विचारता! दार करकरलं, लोक जमले, नाही नाही ते बोलले. भिवरा पायरीवर बसून रडायला लागली. चिंगी तर डोळेच उघडेना.

दवाखान्यात पाणी भरायला होती गोदाक्का. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. हंडा खाली ठेवून म्हणाली, "रडून दार उघडतं होय? चल, मला भूक लागलीय. तुझ्याकडे जेवायला येते."

भिवराला वाटलं, हिचं डोकं फिरलं की काय! लेकरू तापलंय आणि हिला जेवण सुचतंय! पण पाहुणीला नाही कसं म्हणायचं? मग तिनं खोपीत तीन दगडांची चूल पेटवली, भाकरी थापली, ठेचा वाटला. आपली गोधडी बसायला दिली. गोदाक्का पोटभर जेवली, मोठी ढेकर दिली आणि उठली. "चल आता."

तिसऱ्यांदा दारानं विचारलं, "घर कुठलं?"

गोदाक्काच पुढे झाली. "फडातलं! आत्ता हिच्या घरी जेवून आले मी. हिनं बसायला दिलं, गरम भाकरी वाढली, आणखी घ्या म्हणाली. अरे लाकडा, पाहुणा जेवतो ते घर नाही, तर काय गोठा?"

दारानं वास घेतला. खोटं म्हणावं, तर अक्काच्या हाताला अजून ठेच्याचा वास! मग उघडलं की हो, अगदी सताड!

वैद्यबुवांनी काढा पाजला, मायलेकींना तीन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी चिंगी उठून बसली. "आये, भूक लागली!" भिवरा हसलीही आणि रडलीही.

तेव्हापासून त्या दारानं घर विचारणं सोडलं. फडातलं येवो, वीटभट्टीवरचं येवो, दार एवढंच विचारतं, "जेवलात का?" आणि उघडतं.

गोदाक्का अजून दर हंगामाला खोपीत जेवायला जाते. सगळी मजेत आहेत. आणि तुम्ही रे, जेवलात ना? मग मिटा बघू डोळे.