अजून एक घिरटी

लष्कराची जुनी धावपट्टी आता प्रवासी विमानांना खुली होणार होती. तिच्या कुंपणाला लागूनच पाळणाघर होतं. ते दुसरीकडे हलवा, असा अर्ज मैथिलीने केला होता, कारण तिची सात महिन्यांची ओवी दिवसभर तिथेच असायची.

चाचणीचं पहिलं विमान यायला तासभर असताना विमानतळाचे बोंद्रे साहेब पाळणाघरात आले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच काळजी करता. या आवाजाने झोपलेलं मूलसुद्धा उठत नाही. अर्ज मागे घ्या."

"घेते की. फक्त हिला झोपवा आणि मग विमान उतरू दे. नाही उठली तर घेतला मागे."

मैथिलीने ओवीला त्यांच्या हातात दिलं खरं, पण खात्री तिलाही नव्हती. मिक्सरला दचकणारी ही पोर लग्नाच्या बँडमध्ये मात्र गाढ झोपायची. आज काय करेल, कोणी सांगावं?

साहेबांनी झोळी हलवली, किल्ल्या वाजवल्या, शेवटी खांद्यावर घेऊन चाळीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या. कोट लाळेने भिजला, तेव्हा कुठे ओवीचे डोळे मिटले. तेवढ्यात त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, "सर, विमान आलंय. उतरू द्यायचं?"

"हळू बोल रे," साहेब कुजबुजले. "आत्ताच झोपलीय. त्याला म्हणावं, अजून एक घिरटी घाल."

मैथिलीने अर्ज पुढे केला. "एवढंच लिहा यावर, साहेब."

साहेबांनी खांदा न हलवता डाव्या हाताने 'मंजूर' लिहिलं.