कणकेची परात

"नवी नवरी आहे रे. वाचतेय कसली, सही ठोकेल."

हृषीकेश हे जुनैदला सांगत होता. लॅबमधल्या कपाटामागे वल्लरी मॅडम वायर शोधताहेत, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

वल्लरी वायर घेऊन बाहेर आली. ऐकल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही. लग्नाला दोन महिने झाले होते, तेवढी सवय झाली होती.

कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला ती डिझाइन शिकवायची. काहीतरी बनवा, लोकांच्या हातात द्या, काय घडतं ते लिहा. मुलांचं पहिलं संशोधन ते हेच. या दोघांनी मेसच्या बायकांसाठी ॲप बनवलं होतं. रात्री किती मुलं जेवणार ते त्यात बघायचं आणि तेवढीच कणीक मळायची. अहवाल पाचपर्यंत स्पर्धेला पाठवायचा होता, तिच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता. साडेचार वाजून गेले होते.

"वीसपैकी वीस जणींना जमलं, मॅडम," हृषीकेश म्हणाला.

"एकीचंही अडलं नाही?"

"एकीचंही नाही."

तिने पेनाचं टोपण काढलं... आणि थांबली. सासरी तिच्या प्रत्येक पोळीला मागून एक हात मदतीला यायचा. पोळ्या अगदी गोल व्हायच्या.

"चला, मेसमध्ये."

जुनैद घड्याळ बघत मागोमाग आला.

छबूमावशी कणीक मळत होत्या. वल्लरीने त्यांना हात पुसायला लावले, फोन दिला आणि भरलेली परात उचलून हृषीकेशच्या दोन्ही हातांत ठेवली.

"धर. आणि बोलायचं नाही."

मावशींनी स्क्रीन न्याहाळली. एकदा दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं...

हृषीकेशची बोटं परातीच्या काठावर वळवळत होती. तोंड उघडलं, मिटलं.

"दाब की रे दादा, त्या दिवशीसारखं," मावशींनी फोन त्याच्यापुढे धरला.

परात ठेवायला ओट्यावर जागा नव्हती.

फोन काळा पडला. मावशींनी तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि ओशाळून हसल्या, "मला मेलीला नाही जमत."

"मॅडम, यांना आज नाही जमलं, पण त्या दिवशी सगळ्यांना..." हृषीकेश परात सावरत म्हणाला.

पाचाला सात मिनिटं उरली. जुनैदने अहवाल पुढे केला.

वल्लरीने पेनाला टोपण लावलं.

"वीस जणींच्या वेळी," ती दोघांना म्हणाली, "परात कुणाच्या हातात होती?"